खात्यात पैसे असूनही व्हिसा का नाकारला जातो : आर्थिक पुराव्याविषयी

पर्यटनासाठी किंवा नातेवाइकांना भेटण्यासाठी व्हिसाचा अर्ज करायचे ठरले, की खात्यात किती पैसे दाखवावे लागतील हा प्रश्न हमखास सर्वांत आधी विचारला जातो. प्रश्न स्वाभाविक आहे, पण अर्धाच आहे. व्हिसा अधिकारी रक्कम पाहतो हे खरे. परंतु ती रक्कम कोणाची आहे, कोठून व कशी आली आणि ठरवलेला प्रवास अर्जदाराच्या नेहमीच्या ऐपतीशी जुळतो का, हे तो त्याहून बारकाईने पाहतो. त्यामुळेच भरपूर शिल्लक असलेल्या एखाद्याचा अर्ज नाकारला जातो आणि बेताची शिल्लक असलेल्या दुसऱ्याला व्हिसा मिळतो. बाहेरून पाहणाऱ्याला ही मनमानी वाटते, पण बहुतेक वेळा तिच्यामागे एक ठरावीक विचारपद्धती असते.

आर्थिक पुरावा मागण्यामागे दोन वेगळ्या शंका असतात. पहिली साधी आहे : हा प्रवासी मुक्कामाचे दिवस स्वतःच्या खर्चाने काढू शकेल का, की पैसे संपल्यावर बेकायदा काम शोधेल किंवा तिथल्या सरकारी मदतीवर भार टाकेल? दुसरी शंका फारशी उघड बोलली जात नाही : मुदत संपल्यावर हा माणूस परत जाईल ना? नियमित उत्पन्न, चालू नोकरी, बस्तान बसलेला व्यवसाय, दरमहा फेडले जाणारे घरकर्ज या गोष्टी खर्चाची ऐपत दाखवतात आणि परतण्याचे कारणही दाखवतात. खात्यात अचानक आलेली मोठी रक्कम मात्र फक्त पहिल्या शंकेला उत्तर देते, आणि तेही अर्धेमुर्धे.

कायद्यात रक्कम लिहिलेली असते का?

युरोपातील शेंगेन देशांपुरते, म्हणजे एकाच सामाईक व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांपुरते, बोलायचे तर बऱ्याच अंशी असते. २००९ च्या युरोपीय व्हिसा संहितेच्या १४ व्या कलमानुसार, मुक्कामासाठी आणि परतीसाठी पुरेशी साधने आपल्याकडे आहेत, किंवा ती कायदेशीर मार्गाने मिळवण्याच्या स्थितीत आपण आहोत, हे दाखवणारी कागदपत्रे अर्जदाराला द्यावी लागतात. पुरेशी म्हणजे किती, हे ठरवण्याचे सूत्र २०१६ च्या शेंगेन सीमा संहितेत दिले आहे. मुक्कामाचा कालावधी आणि हेतू विचारात घ्यायचा, त्या देशातील माफक दराच्या निवासाचा व जेवणाचा सरासरी खर्च धरायचा आणि त्याला दिवसांच्या संख्येने गुणायचे. प्रत्येक देश आपली संदर्भ रक्कम ठरवून युरोपीय आयोगाला कळवतो, त्यामुळे व्हिसा एकच असला तरी आकडे देशागणिक बदलतात. नेदरलँड्स दरडोई दर दिवशी ५५ युरो धरते. बेल्जियम खासगी घरी उतरणाऱ्यासाठी ४५ युरो, तर हॉटेलात उतरणाऱ्यासाठी ९५ युरो धरते. स्वित्झर्लंडमध्ये हा आकडा १०० फ्रँक आहे आणि विद्यार्थ्यांसाठी तो ३० फ्रँकवर येतो.

फ्रान्सची पद्धत थोडी तपशिलात पाहण्यासारखी आहे, कारण निवासाचा पुरावा आणि पैशांचा पुरावा एकमेकांत कसे गुंतलेले असतात ते तिच्यात स्पष्ट दिसते. हॉटेलचे आरक्षण नसेल तर दर दिवशी १२० युरो, आरक्षण असेल तर ६५ युरो, आणि यजमानाने स्थानिक नगरपालिकेकडून रीतसर निवास-प्रमाणपत्र घेतलेले असेल तर ३२.५० युरो, असे तिथले तीन स्तर आहेत. समजा, एक जोडपे १२ दिवसांसाठी जाणार आहे. त्यांपैकी ७ दिवस आरक्षित हॉटेलात आणि ५ दिवस असे प्रमाणपत्र घेतलेल्या नातेवाइकाकडे. तर माणशी ७ गुणिले ६५ म्हणजे ४५५ युरो आणि ५ गुणिले ३२.५० म्हणजे १६२.५० युरो, मिळून ६१७.५० युरो होतात. दोघांचे १,२३५ युरो. हेच जोडपे कोणत्याही आरक्षणाशिवाय अर्ज करील, तर त्यांच्याकडून २,८८० युरो अपेक्षित धरले जातील. प्रवास तोच, दिवस तेवढेच, पण निवासाचे कागद नसतील तर अपेक्षित रक्कम दुपटीहून अधिक होते.

स्पेनमध्ये वेगळाच हिशेब चालतो. तिथे दर दिवसाची रक्कम राष्ट्रीय किमान वेतनाच्या १० टक्के असते, आणि दिवस कितीही कमी असले तरी किमान वेतनाच्या ९० टक्के एवढी रक्कम माणशी दाखवावीच लागते. २०२५ मध्ये मासिक किमान वेतन १,१८४ युरो होते, म्हणजे दर दिवसाचे ११८.४० युरो आणि किमान रक्कम १,०६५.६० युरो. तीन दिवसांसाठी जाणारा आणि नऊ दिवसांसाठी जाणारा, दोघांनाही तेवढीच रक्कम दाखवावी लागते. वेतन वाढले की हा आकडाही वाढतो, म्हणून ओळखीच्या कोणी दोन वर्षांपूर्वी दिलेली रक्कम पुरेल असे धरून चालू नये. अर्जाच्या आठवड्यात संबंधित वकिलातीच्या संकेतस्थळावरचा आकडा पाहावा. अनेक शेंगेन देश एका फेरीत पाहायचे असतील, तर अर्ज ज्या देशात मुक्काम सर्वाधिक किंवा जो प्रवासाचा मुख्य हेतू आहे त्याच्याकडे करायचा असतो. बाकीच्या देशांतले दिवस त्यांच्या त्यांच्या दराने मोजून एकूण बेरीज काढलेली बरी.

न्यूझीलंडने आकडा सरळ सांगून टाकला आहे : पर्यटक व्हिसासाठी मुक्कामाच्या दर महिन्याला १,००० न्यूझीलंड डॉलर, आणि निवासाचे पैसे आधीच भरलेले असतील तर ४०० डॉलर. शिवाय परतीचे तिकीट किंवा ते घेण्याइतके पैसे हवेतच.

ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी मात्र पर्यटकांसाठी असा आकडा ठेवलेलाच नाही. ब्रिटनच्या नियमांप्रमाणे अर्जदाराकडे भेटीचा सर्व वाजवी खर्च, परतीच्या प्रवासासह, तिथे काम न करता आणि सरकारी निधीला हात न लावता भागवता येईल एवढे पैसे असावे लागतात. कॅनडा सांगतो की रक्कम मुक्काम किती दिवसांचा आहे आणि राहणार हॉटेलात की आप्तेष्टांकडे, यावर ठरेल. अमेरिकेत तर प्रत्येक पर्यटक अर्जदार हा स्थायिक होण्याच्या इराद्याने येत आहे असे कायदा, म्हणजे १९५२ च्या स्थलांतर कायद्याचे २१४(ब) हे कलम, आधी गृहीत धरतो आणि ते गृहीतक खोडून काढण्याची जबाबदारी अर्जदारावर टाकतो. तिथे काही मिनिटांच्या मुलाखतीत अधिकारी नोकरी, उत्पन्न, खर्च कोण करणार आणि कशासाठी चाललात हे विचारतो. सोबत आणलेली फाइल अनेकदा उघडलीही जात नाही. ज्यांनी महिनाभर खपून कागद जमवलेले असतात त्यांना हे फार खटकते, परंतु तिथे तोंडी उत्तरांतला सुसंगतपणाच मुख्य पुरावा ठरतो.

आकडा नाही म्हणजे मोजमाप नाही, असे मात्र नव्हे. आकडा नसलेल्या देशांत तुमची तुलना तुमच्याच उत्पन्नाशी होते, आणि माझ्या मते ही कसोटी ठरावीक आकड्याच्या कसोटीपेक्षा कठीण आहे.

खाते उतारा कसा वाचला जातो

सर्वसाधारण समज असा असतो की अधिकारी शेवटच्या पानावरची शेवटची ओळ पाहतो. ती तो पाहतोच, पण तिच्या आधीच्या ओळी त्याला जास्त सांगतात. महिन्याच्या ठरावीक तारखेला पगार जमा होतो का? अर्जात लिहिलेल्या पगाराशी ती रक्कम जुळते का? घरभाडे, कर्जाचे हप्ते, विजेचे बिल, विम्याचा हप्ता हे सगळे याच खात्यातून जातात का, की हे खाते नुसते दाखवण्यापुरते आहे? महिनाअखेरीस हातात काय उरते?

दोन काल्पनिक उतारे शेजारी ठेवून पाहू. तुलना सोपी जावी म्हणून रकमा युरोत धरल्या आहेत. पहिल्या अर्जदाराचा पगार दरमहा १,५०० युरो आहे आणि पाच महिने महिनाअखेरची शिल्लक २०० ते ३५० युरोंच्या दरम्यान फिरते आहे. अर्जाच्या नऊ दिवस आधी त्याच्या खात्यात एका ओळीत ६,००० युरो जमा झाले आहेत. समोर एका व्यक्तीचे नाव आहे, बाकी काही खुलासा नाही. प्रवासाचा अंदाजे खर्च त्याने २,५०० युरो लिहिला आहे. दुसऱ्या अर्जदाराचा पगार १,२०० युरो आहे, पण दरमहा सुमारे २५० युरो बाजूला पडत गेले आहेत आणि शिल्लक संथपणे चढत ३,१०० युरोंपर्यंत आली आहे. त्याच्या दहा दिवसांच्या प्रवासाचा अंदाज १,४०० युरो आहे. शेवटची ओळ पाहिली तर पहिल्याकडे दुप्पट पैसे आहेत. तरी अधिकाऱ्याच्या दृष्टीने पहिल्या उताऱ्यातून एवढेच कळते की या माणसाकडे महिन्याला फार तर दोन-तीनशे युरो उरतात, सहा हजार कोणीतरी व्हिसापुरते भरले असावेत आणि व्हिसा मिळताच ते परत जातील. दुसऱ्या उताऱ्यातून कळते की या माणसाने प्रवासासाठी बचत केली आहे आणि प्रवासानंतरही त्याच्या हाताशी निम्म्याहून अधिक रक्कम उरेल.

याचा अर्थ मोठी रक्कम जमा होणे हा गुन्हा आहे असा नाही. मुदत ठेव मोडली, वाहन विकले, बोनस मिळाला, वडिलांनी वाटणीचे पैसे दिले, अशी शंभर कारणे असू शकतात. अट एवढीच की ते कारण कागदावर दिसले पाहिजे. ठेव मोडल्याची बँकेची पावती, विक्रीचा करार, बोनसचा उल्लेख असलेले पगारपत्रक यांपैकी जे लागू असेल ते जोडावे आणि अर्जासोबतच्या पत्रात त्या व्यवहाराची तारीख व रक्कम देऊन दोन ओळींचा खुलासा करावा. अधिकारी खुलासा विचारण्यासाठी फोन करील, या भरवशावर राहू नये. बहुतेक अर्जांचा निर्णय समोर आहे तेवढ्याच कागदांवर होतो. न दिलेले उत्तर म्हणजे नसलेले उत्तर, असेच धरले जाते.

उलट दिशेची चूकही होते. वर्षभर व्यवस्थित चाललेल्या खात्यातून अर्जाच्या तोंडावर मोठी रक्कम दुसऱ्या खात्यात वळवली जाते आणि उताऱ्यात खाते रिकामे झालेले दिसते. असे केले असेल तर दुसऱ्या खात्याचाही उतारा जोडावा, म्हणजे पैसे खर्च झाले नसून फक्त जागा बदलली आहे, हे उघड होते.

उतारा किती महिन्यांचा हवा, हे त्या त्या वकिलातीच्या यादीत लिहिलेले असते. अनेक शेंगेन वकिलाती अलीकडचे ३ महिने मागतात, काही ठिकाणी ६ महिने अपेक्षित असतात. यादीत ३ लिहिले असले तरी ६ महिन्यांची चाल चांगली असेल तर ६ देण्यात तोटा नाही. उताऱ्यावर खातेदाराचे पूर्ण नाव, बँकेचे नाव, खाते क्रमांक आणि कालावधी असावा, मधली पाने गाळलेली नसावीत आणि मोबाइलवरील पडद्याचे छायाचित्र हा उताऱ्याचा पर्याय समजू नये. खासगी वाटणाऱ्या नोंदी काळ्या शाईने झाकण्याचा मोह काही जणांना होतो. झाकलेली ओळ उघड्या ओळीपेक्षा जास्त लक्ष वेधते, म्हणून तसे करू नये. फक्त शिल्लक सांगणारे बँकेचे प्रमाणपत्र उताऱ्याच्या जोडीला उपयोगी पडते, पण एकट्याने कमकुवत असते, कारण ते एका दिवसाची स्थिती सांगते.

इथे एका प्रचलित गैरसमजाचा उल्लेख करायला हवा. पैसे सलग २८ दिवस खात्यात असले पाहिजेत, असा नियम अनेक जण एकमेकांना सांगतात. हा नियम ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसाचा आहे. पर्यटक व्हिसासाठी तो लागू नाही. आणि २८ दिवसांपूर्वी भरलेली अनाकलनीय रक्कम २८ दिवसांनंतरही तितकीच अनाकलनीय राहते.

कशाला पैसे म्हणायचे

बचत खाते आणि पगार खाते यांतील रक्कम हा पुराव्याचा कणा. लगेच मोडता येणारी मुदत ठेव, शेअर आणि म्युच्युअल फंड हे आधार म्हणून जोडावेत. त्यांनी एकूण स्थिती भक्कम दिसते, परंतु उद्या हॉटेलचे बिल त्यांतून थेट भरता येत नाही, हे अधिकाऱ्यालाही ठाऊक असते. शेंगेन सीमा संहिता रोख रक्कम, प्रवासी धनादेश आणि क्रेडिट कार्ड यांचा साधने म्हणून उल्लेख करते. तरीही कार्डाची मर्यादा म्हणजे उधारीची मर्यादा, त्यामुळे ती खात्यातील पैशांची जागा घेऊ शकत नाही. घर, जमीन, दागिने यांची मूल्यांकने जोडण्याची हौस पुष्कळांना असते. घराची कागदपत्रे परतीच्या शंकेला उत्तर म्हणून चालतात, खर्चाच्या शंकेला नाही, आणि दागिन्यांच्या मूल्यांकनाने फाइल जाड होण्यापलीकडे फारसे काही साधत नाही.

व्यवसायाच्या खात्यातील पैशांबाबत सावध राहावे. कंपनी किंवा भागीदारी संस्था यांच्या खात्यातील रक्कम मालकाची वैयक्तिक रक्कम नसते. त्या खात्यातून मालक दरमहा किती उचलतो, नफ्यातील त्याचा वाटा किती, हे करविवरणपत्र आणि लेखापालाने प्रमाणित केलेला ताळेबंद यांतून दिसायला हवे, आणि वैयक्तिक खात्यात ती उचल जमा होताना दिसली तर उत्तमच.

निरनिराळ्या अर्जदारांची अडचण निरनिराळी असते. नोकरदाराचे काम सर्वांत सोपे : पगारपत्रके, त्याच रकमा दाखवणारा खाते उतारा आणि नोकरीच्या ठिकाणचे पत्र, ज्यात हुद्दा, रुजू झाल्याची तारीख, पगार आणि मंजूर रजेच्या तारखा असाव्यात. रजेच्या तारखा आणि प्रवासाच्या तारखा जुळल्या नाहीत, तर बाकी सगळे बरोबर असूनही शंका निर्माण होते. निवृत्तांनी निवृत्तिवेतनाचा आदेश आणि ते जमा होत असलेला उतारा द्यावा. स्वतःचे उत्पन्न नसलेल्या जोडीदाराने विवाहाचा दाखला, कमावत्या जोडीदाराचे उत्पन्नाचे पुरावे आणि खर्च उचलण्याचे त्याचे किंवा तिचे पत्र जोडावे. विद्यार्थ्यांसाठी आईवडिलांचे कागद आणि शिक्षणसंस्थेचे पत्र पुरते.

खरी अडचण रोखीत कमावणाऱ्यांची आहे. उत्पन्न चांगले, पण खात्यात त्याचा मागमूस नाही, आणि अर्जाच्या आधी सगळी रोख एकदम भरली की ती वर सांगितलेल्या पहिल्या अर्जदारासारखी दिसते. यावर झटपट उपाय नाही. प्रवासाचा विचार मनात आल्यापासून रोजची किंवा आठवड्याची कमाई नियमितपणे खात्यात भरत राहणे, पावतीपुस्तके व विक्रीच्या नोंदी ठेवणे आणि कर भरल्याचे कागद जोडणे एवढेच करता येते, आणि त्याला सहा महिने ते वर्षभराचा अवधी द्यावा लागतो.

खर्च दुसरा कोणी करणार असेल तर

यजमान, नातेवाईक किंवा मालक खर्च उचलणार असेल, तर ते बहुतेक देशांना चालते, मात्र पुराव्याचे ओझे हलके होत नाही. ते दोघांवर विभागले जाते. ब्रिटनचे नियम तिसऱ्या व्यक्तीच्या मदतीसाठी ज्या अटी घालतात त्या इतरत्रही मनात धरून चालायला हरकत नाही : त्या व्यक्तीशी अर्जदाराचे खरेखुरे वैयक्तिक किंवा व्यावसायिक नाते असावे, तिने तिथल्या स्थलांतर कायद्याचा भंग केलेला नसावा, आणि संपूर्ण मुक्कामाचा खर्च ती करू शकेल व करील अशी खात्री पटावी. म्हणजे नुसते प्रेमळ निमंत्रणपत्र उपयोगाचे नाही. त्या व्यक्तीचा उतारा, उत्पन्नाचा पुरावा, तिथे कायदेशीरपणे राहत असल्याचा पुरावा आणि नाते सिद्ध करणारा कागद ही चारही अंगे लागतात. खर्च उचलणाऱ्याच्या स्वतःच्या घरात पाच माणसे असतील आणि त्याच्या खात्यात महिनाअखेर जेमतेम काही उरत असेल, तर त्याच्या पत्राला वजन कसे येणार?

जर्मनीत ही जबाबदारी कायदेशीर स्वरूपाची असते. यजमान तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयासमोर जाऊन औपचारिक हमीपत्रावर सही करतो आणि पाहुण्याचा निर्वाह, आजारपण व परत पाठवणी यांवर सरकारला खर्च करावा लागला तर तो यजमानाकडून वसूल करता येतो. जपानमध्येही आप्तेष्टांच्या भेटीचा खर्च तिथला यजमान करणार असेल, तर त्याचे हमीपत्र आणि उत्पन्नाचे दाखले लागतात. अमेरिकेचे परराष्ट्र खाते मात्र स्पष्ट सांगते की पर्यटक व्हिसासाठी निमंत्रणपत्र किंवा आर्थिक आधाराचे प्रतिज्ञापत्र आवश्यक नाही. निर्णय अर्जदाराच्या स्वतःच्या परिस्थितीवर होतो. परदेशी असलेल्या मुलाने कितीही भक्कम कागद पाठवले, तरी मायदेशात आपले काय बांधलेले आहे हे आईवडिलांनाच सांगावे लागते.

अर्जातील आकड्यांचा मेळ

आर्थिक पुरावा बँकेच्या कागदांपुरता नसतो, तो अर्जाच्या रकान्यांतही असतो. ब्रिटनच्या अर्जात मासिक उत्पन्न, मासिक खर्च आणि या प्रवासावर किती खर्च करणार, हे स्वतंत्रपणे विचारले जाते. तिथे घाईघाईत भरलेला आकडा उताऱ्याशी ताडून पाहिला जातो. मासिक उत्पन्न १,२०० आणि मासिक खर्च ४०० असे लिहायचे आणि उताऱ्यात दरमहा १,१०० बाहेर जाताना दिसायचे, हा विसंवाद लपत नाही. दोन आठवड्यांच्या सहलीवर वर्षभराची बचत उधळली जाणार असेल तर, पैसे पुरेसे असूनही, एवढा खर्च हा माणूस नेमका कशासाठी करतो आहे, हा प्रश्न उभा राहतो. म्हणून प्रवासाचे अंदाजपत्रक आधी बनवावे, विमान, निवास, स्थानिक प्रवास, जेवण, विमा अशा बाबी त्यात मांडाव्यात, आधीच भरलेली रक्कम आणि अजून भरायची रक्कम वेगळी दाखवावी, आणि मग अर्ज भरावा. शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा प्रवासी वैद्यकीय विमा तसाही बंधनकारक आहे. आजारपणाचा खर्च त्यामुळे या हिशेबातून बराचसा बाहेर पडतो.

आगाऊ भरलेल्या निवासाने अपेक्षित रक्कम कमी होते, हे फ्रान्स आणि न्यूझीलंडच्या उदाहरणांत दिसलेच. तरीही व्हिसा हाती येण्याआधी परत न मिळणारी तिकिटे काढू नयेत. रद्द करता येणारे आरक्षण पुरावा म्हणून सहसा पुरते. कागद वकिलातीने मान्य केलेल्या भाषेत नसतील तर भाषांतर जोडावे, आणि रकमा आपल्या चलनात असतील तर अर्जासोबतच्या पत्रात विनिमय दराची तारीख देऊन त्या गंतव्य देशाच्या चलनात मांडाव्यात.

उसने पैसे, बनावट कागद

काही मध्यस्थ ठरावीक शुल्क घेऊन खात्यात काही आठवड्यांसाठी पैसे भरून देतात किंवा बँकेचे प्रमाणपत्रच तयार करून देतात. पहिल्या प्रकारात अर्ज फेटाळला जाण्याची शक्यता मोठी असते. दुसऱ्या प्रकारात त्यापुढची वर्षेही हातची जातात. ब्रिटनमध्ये अर्जात फसवणूक सिद्ध झाली तर साधारणपणे १० वर्षे अर्ज नाकारले जातात. कॅनडात खोट्या माहितीसाठी ५ वर्षांची बंदी आहे, ऑस्ट्रेलियात बनावट कागदासाठी ३ वर्षांची, आणि अमेरिकेत जाणूनबुजून दिलेली महत्त्वाची खोटी माहिती कायमची अपात्रता ओढवू शकते, जी केवळ विशेष सवलत मिळाली तरच दूर होते. वकिलाती कागद बँकेकडून पडताळून घेतात. कागद मध्यस्थाने बनवला होता, मला माहीत नव्हते, हा बचाव क्वचितच टिकतो, कारण अर्जावर सही अर्जदाराची असते. उसनवार घेतलेले पैसे स्वतःची बचत म्हणून दाखवणे हेही खोटे विधानच आहे, जरी उताऱ्यातला प्रत्येक आकडा खरा असला तरी.

नकार आला तर आधी तो नीट वाचावा. शेंगेन देश ठरावीक नमुन्यात कारणे देतात; निर्वाहाच्या पुरेशा साधनांचा पुरावा न दिल्याचे कारण आणि परतण्याच्या इराद्याविषयी वाजवी शंका असल्याचे कारण यांच्या चौकटी वेगळ्या असतात. पहिल्या चौकटीवर खूण असेल तर नवे कागद आणि खुलासे यांनी काम होऊ शकते. दुसरीवर असेल तर शिल्लक वाढवून काहीच साधणार नाही, नोकरी, कुटुंब, मालमत्ता यांचे पुरावे बळकट करावे लागतील. शेंगेन नकाराविरुद्ध अपिलाचा हक्क आहे आणि त्याची पद्धत व मुदत नकारपत्रातच दिलेली असते. अमेरिकेत २१४(ब) खाली आलेल्या नकारावर अपील नाही; परिस्थितीत फरक पडल्यावर नवा अर्ज करता येतो. नव्या अर्जात जुना नकार लपवू नये, कारण तो त्यांच्या नोंदीत असतोच.

व्हिसा पारपत्रावर लागला म्हणजे पैशांचा विषय संपला असेही नाही. शेंगेन व्हिसा प्रवेशाचा आपोआप हक्क देत नाही. सीमेवरचा अधिकारी मुक्कामाचा हेतू, निवास आणि साधने यांबद्दल पुन्हा विचारू शकतो आणि समाधान न झाल्यास परत पाठवू शकतो. त्यासाठी अर्जात जोडलेल्या उताऱ्याच्या, निवासाच्या व परतीच्या तिकिटाच्या प्रती हातातल्या पिशवीत ठेवाव्यात, सामानाच्या बॅगेत नव्हे, आणि परदेशात चालणारे कार्ड व थोडी रोख जवळ असावी. रोख फार नेण्याचे कारण नाही. युरोपीय संघात येताना किंवा तिथून बाहेर पडताना १०,००० युरो किंवा त्याहून अधिक रोख जवळ असेल, तर ती सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडे जाहीर करावी लागते.